मावशीची गव्हाची खीर

आयुष्याची अडतीस वर्षे मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांतून मुलांस शिकविण्यात घालविली. १९७४ साली मॅट्रिक झालो, १९७८ साली हाती खडू घेतला आणि २०१६ साली तो खाली ठेवला. परंतु आज मी शिकविलेल्या धड्यांविषयी बोलणार नाही. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी मी स्वतः जो एक धडा शिकलो, त्याविषयी बोलावयाचे आहे. तो धडा म्हणजे गव्हाची खीर करावयास शिकणे. विषय ऐकून काही श्रोत्यांस हसू येईल. येऊ द्यावे. दोन वर्षांपूर्वी मला कोणी हा विषय सुचविला असता, तर मीही हसलोच असतो.

आमच्या धाराशिव जिल्ह्यात, शेजारच्या लातुरात आणि सीमेपलीकडील बिदर-कलबुर्गीच्या पट्ट्यात मार्गशीर्षातील अमावस्येला फार महत्त्व आहे. पंचांगात ती वेळ अमावस्या. आमच्या तोंडी मात्र येळवस. त्या दिवशी गावात माणूस म्हणून सापडावयाचे नाही. सारे शिवार माणसांनी फुललेले असते. ज्वारीच्या कडब्याची कोप करून तीत पाच दगड पांडव म्हणून मांडतात, लक्ष्मीची पूजा होते, आंबील पिकात शिंपडतात, आणि मग भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील व गव्हाची खीर ह्यांचे जेवण. ज्याला शेत नाही, त्यालाही कोणी ना कोणी हाक मारून पंगतीस बसवितेच. ह्या जेवणात भज्जीचा मान मोठा खरा. पण मुलांचे लक्ष असते ते खिरीच्या पातेल्याकडे.

ही खीर रव्याची नव्हे, शेवयांचीही नव्हे. ती अख्ख्या गव्हाची, आणि तो गहूही खपली. ह्या गव्हाचा विशेष असा की, मळणी झाली तरी त्याचे टरफल दाण्यास घट्ट चिकटून राहते. म्हणूनच त्याला खपली हे नाव पडले असावे. मळून लगेच दळावा, असा हा गहू नव्हे. तो आधी सडावा लागतो. सडणे म्हणजे उखळात घालून मुसळाने कांडणे आणि सुपाने पाखडून टरफल व कोंडा वेगळा काढणे. माझ्या आईचे माहेर आळंद तालुक्यातील. तिकडे हीच खीर हुग्गी म्हणून ओळखली जाते. आईने ती रीत माहेराहून आणली, आणि आमच्या घरी येळवसेची खीर म्हणजे आईची खीर, असे समीकरणच होऊन बसले.

आता एक गोष्ट कबूल केली पाहिजे. येळवसेच्या आधी दोन दिवस आई अंगणातील उखळाशी गहू सडावयास बसे. मी सुटीत घरी आलेला असलो, म्हणजे ती हटकून म्हणे, "ये रे, दोन घाव घाल. हात भरून आले माझे." मी ओट्यावर बसून वह्या तपाशीत असे. "हे बायकांचे काम," असे मी हसत म्हणे, आणि पुन्हा वहीत डोके घाली. वर्गात मुलांना मात्र मीच सांगत होतो की, कृतीतून शिकलेले विसरत नाही. आपल्याच तोंडचे वाक्य आपल्याच अंगणात लागू पडते, हे मला त्या वेळी सुचले नाही.

१९९३ च्या सप्टेंबरची ३० तारीख आमच्या भागात कोणाला सांगावी लागत नाही. आदल्या रात्री गणपतीचे विसर्जन करून माणसे दमून निजली होती. पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर आणि भोवतालची गावे काही क्षणांत भुईसपाट झाली. आमचे गाव त्या वेळच्या उमरगा तालुक्यात. घरे दगड-मातीची, भिंती दोन-दोन हात जाड, आणि वर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात जी घरे गारवा देत, तीच त्या पहाटे माणसांच्या अंगावर आली. मी नोकरीच्या गावी होतो, म्हणून वाचलो. आई घरात होती. एस.टी. जेथवर गेली तेथवर एस.टी.ने आणि पुढे चालत मी पोहोचलो, तेव्हा दुपार कलली होती. त्याविषयी याहून अधिक बोलत नाही.

त्या वर्षीची वेळ अमावस्या १९९४ च्या जानेवारीत आली. आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये होतो. शेतात जाऊन नारळ फोडला आणि परत आलो. खीर कोणी केली नाही, आणि ती का नाही, असे कोणी विचारलेही नाही. पुढे नव्या जागी गाव वसले, घरे मिळाली, येळवसेची पंगतही पुन्हा बसू लागली. आमच्या सौभाग्यवतीने आपल्या माहेरच्या पद्धतीने लापशी करावयास आरंभ केला. लापशी उत्तमच होती. तिला खीर म्हणून आम्ही खात राहिलो. अशी तीस वर्षे गेली.

ह्या गोष्टीला पुन्हा तोंड फुटले ते एका दूरदेशी. माझ्या थोरल्या मुलीची मुलगी वैद्यकाच्या शिक्षणासाठी आर्मेनिया देशात, येरेव्हान शहरी आहे. आपल्याकडील पुष्कळ मुले हल्ली तेथे जातात. २०२४ साली येळवस ३० डिसेंबरला होती. दुसऱ्या दिवशी, म्हणजे वर्षअखेरीच्या रात्री, तिचा फोन आला. तिच्या घरमालकीण बाईंनी तिला नववर्षाच्या जेवणास बोलाविले होते. ती म्हणाली, "आजोबा, यांच्या ताटात आपली खीर आहे! गव्हाचीच!"

त्या पदार्थाचे नाव अनुशाबूर. अनुश म्हणजे गोड आणि आबूर म्हणजे पातळ शिजविलेले कालवण, असा त्याचा अर्थ तिने मला सांगितला. सोललेला गहू रात्री भिजत घालावयाचा, मंद आचेवर फुटेपर्यंत शिजवावयाचा, आणि मग त्यात साखर किंवा मध, वाळलेले जर्दाळू व बेदाणे घालावयाचे. वर बदाम, अक्रोड, डाळिंबाचे दाणे. तिकडील लोक तो नववर्षास आणि ६ जानेवारीच्या त्यांच्या नाताळास करतात. आमचा गूळ, त्यांचे जर्दाळू. बाकी रीत तीच. ह्यात नवल वाटावयास नको. ज्या प्रदेशात माणसाने सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी रानगवत पेरून त्याचा गहू केला, तो पश्चिम आशियाचा प्रदेश आर्मेनियाला लागूनच आहे, आणि आमची खपली ही त्या आद्य गव्हांपैकीच एक होय. येरेव्हानच्या वेशीवर एरेबुनी येथे रानगव्हांच्या रक्षणासाठी १९८१ पासून एक राखीव क्षेत्रच आहे. तेव्हा गहू शिजवून गोड करून खाणे ही फार जुन्या माणसांची युक्ती असली पाहिजे.

पण नातीच्या बोलण्यातील दुसरी गोष्ट माझ्या मनात अधिक रुतली. त्या बाई मूळच्या ग्युमरी शहराच्या. ७ डिसेंबर १९८८ रोजी आर्मेनियात स्पिटाकचा मोठा भूकंप झाला. सुमारे २५ हजार माणसे त्यात गेली, आणि ग्युमरी, ज्याला तेव्हा लेनिनाकान म्हणत, ते शहर उद्ध्वस्त झाले. बाईंची आई त्यात गेली. आणि त्या आईची आई १९१५ च्या संहारात जीव घेऊन तुर्कस्तानातील आपले गाव सोडून आलेली. अनुशाबूर त्या आजीचे. बाई नातीला म्हणाल्या, "घर दोनदा गेले, हे राहिले, कारण मी आईजवळ चुलीपाशी उभी राहत असे." मग त्यांनी सहज विचारले, "तुमच्या घरी कसे करतात?" नात मला विचारीत होती, आणि मला उत्तर देता येईना. गहू, गूळ, खोबरे, एवढे म्हणून मी थांबलो. ती नावे झाली, रीत नव्हे.

रात्रभर झोप लागली नाही. सकाळी आठवले की मुरूमला मावशी आहे. आईची धाकटी बहीण. आता चौऱ्याऐंशी वर्षांची. दिसते कमी, पण हात चालतात. मी एक वही, एक पेन आणि स्वयंपाकघरातील छोटा तराजू पिशवीत घालून मुरूमची गाडी धरली.

वही काढून मी विचारले, "मावशी, गहू किती?"

"घरात माणसं किती, त्यावर." ती म्हणाली.

"बरे, पाणी किती?"

"बोटाची दोन पेरं वर."

"गूळ?"

"गव्हाएवढा. आन वर एक खडा."

"किती वेळ शिजवावयाचे?"

मावशी हसली. "आरं लेकरा, ते काय घड्याळाला ठावं असतंय? गव्हाला ठावं. वही ठेव बाजूला आन हिकडं ये."

तिच्या परसात उखळ आहे. तिने खपली गव्हाचे एक मापटे मोजून दिले. माझ्या तराजूवर ते ४०० ग्रॅमच्या आसपास भरले. टरफल आधीच निघालेले होते. सडावयाचा होता तो कोंडा. तिने पाण्याचा हात फिरवून गहू नुसते ओलसर केले आणि अर्धा तास फडक्यात झाकून ठेवले. कोरडेच कांडले तर दाणा फुटतो, आणि फार भिजले तर लगदा होतो. हे मधले ओलेपण हाताला कळावे लागते. मग मुसळ माझ्या हाती दिले. मी शक्ती लावून घाव घालू लागलो. चार-पाच घावांत कितीतरी दाणे तुटले.

"मारू नको," ती म्हणाली. "वर न्यायचं आन सोडून द्यायचं. त्याचं वजन हाय की त्याला."

अर्ध्या तासात माझे खांदे भरून आले. आई दरवर्षी चार-चार मापटी सडत असे. तिच्या "हात भरून आले माझे" ह्या वाक्याचा अर्थ मला त्या दिवशी, म्हणजे तीसाहून अधिक वर्षांनी, शरीराने कळला. मुसळ सोडून मी जरा बाजूला जाऊन बसलो. मावशीने काही विचारले नाही.

घरी परतल्यावर मला शहाणपण सुचले. उखळ कशाला, मिक्सर आहे की! ओलसर गहू मिक्सरमध्ये दोनदा फिरविला. कोंडा निघाला तसा दाणाही गेला. शिजल्यावर पुन्हा लापशीच झाली. मुसळाच्या घावात दाण्यावर दाणा घासला जातो आणि साल सुटते. मिक्सरचे पाते साल व दाणा यांत भेद करीत नाही. दुसऱ्या खेपेस मी मावशीकडून सडलेला गहू आणला. तो रात्रभर भिजविला. सकाळी शिजत लावला, आणि वेळ वाचावा म्हणून गूळही बरोबरच घातला. तीन तास झाले, चार झाले, गहू टणकच. शेवटी त्यात दूध ओतले, तर तेही फाटले. सौभाग्यवतीने पातेल्यात डोकावून पाहिले आणि एवढेच म्हटले, "तुमच्या विद्यार्थ्यांनी अशी वही दाखविली असती, तर काय केले असते?"

मावशीला फोन केला. ती म्हणाली, "गूळ आधी घातलास व्हय? मग गहू रुसतोय." ह्या रुसण्यामागे शास्त्र आहे, ते मी नंतर ताडून पाहिले. शिजताना दाण्यातील पिष्ट पाणी पिऊन फुगते, तेव्हाच तो मऊ होतो. गूळ विरघळला की तो पाण्याला आपल्याकडे ओढून धरतो; दाण्याला पाणी अपुरे पडते. शिवाय गुळातील चुना व किंचित आंबटपणा ह्यांमुळे दाण्याचे बाहेरील आवरण लवकर सैल पडत नाही. दूध फाटावयासही तो आंबटपणा आणि आच हीच कारणे. म्हणून जुनी रीत अशी की, गहू पुरता शिजल्यावाचून गुळाला हात लावावयाचा नाही, आणि दूध पातेल्यात न घालता ताटात, खीर जरा निवाल्यावर, वरून घ्यावयाचे. मावशी शाळेत गेलेली नाही. हे सर्व तिला "गहू रुसतोय" ह्या दोन शब्दांत ठाऊक होते.

तिसऱ्या खेपेस मी पुन्हा मुरूमला गेलो आणि आरंभापासून शेवटपर्यंत तिच्याजवळ चुलीपाशी उभा राहिलो. श्रोत्यांच्या उपयोगासाठी ती कृती सांगतो. एक मापटे सडलेले खपली गहू आठ-दहा तास भिजवावे. जाड बुडाच्या पातेल्यात गव्हावर दोन पेरे पाणी ठेवून मंद आचेवर शिजत लावावे. आटेल तसे आधणाचे पाणी घालावे, थंड घालू नये. अर्धे शिजत आले की दाटपणासाठी मूठभर तांदळाची कणी घालावी. अडीच ते तीन तासांत गहू फुलतो. तो झाला की नाही, हे पाहण्याची खूण अशी: एक दाणा अंगठा व तर्जनी यांमध्ये चिरडावा, मध्ये पांढरा कोरडा ठिपका दिसला तर अजून वेळ आहे. ठिपका नाहीसा झाला की डावाच्या पाठीने थोडे घोटावे. निम्मे दाणे मोडावे, निम्मे राहावे. मग चिरलेला गूळ, गव्हाइतकाच, आणि चिमूटभर मीठ. गूळ पडताच खीर पातळ होते. तिला पुन्हा दाट होऊ द्यावे. शेवटी भाजलेली खसखस, किसलेले सुके खोबरे, जाडसर कुटलेली बडीशेप, सुंठ आणि वेलदोडा. ताटात वाढल्यावर तूप व दूध.

खीर झाली. मी घास घेतला. चव तीच होती. आणि तरीही पुरती तीच नव्हती. आईच्या खिरीत शेवटी कसला तरी खमंग वास येत असे. मी मावशीस विचारले. तिने डोळे मिटून पुष्कळ वेळ विचार केला.

"अक्काच्या सासरची काही रीत असंल," ती म्हणाली. "तिच्या सासूनं शिकवल्याली. मला न्हाई ठावं, लेकरा."

आजी १९८० च्या आधीच गेली. ती रीत ठाऊक असलेले जगात आता कोणी नाही. मी तीळ भाजून घालून पाहिले, करडई घालून पाहिली, जायफळ पाहिले. तो वास आला नाही. वहीच्या त्या पानावर मी एक ओळ कोरी सोडली आहे. ती कोरीच राहील. अंगणात दोन घाव घालावयास गेलो असतो, तर ती ओळ भरलेली असती. एवढीच ह्या भाषणातील खेदाची गोष्ट आहे, आणि तिचा दोष भूकंपाकडे जात नाही.

गेल्या मार्गशीर्षात येळवसेला खीर मी केली. मावशीला गाडीने शेतात आणले होते. कोपीपाशी बसून तिने दाणा बोटांत चिरडला आणि मान हलविली. पूर्वी एखाद्या मुलाच्या गणितावर मी बरोबरची खूण करीत असे, तशी. मुलगा आणि जावई दोघांसही मी आदल्या दिवशी मुसळ धरावयास लाविले. जावई म्हणाले, "हात भरून आले." मी त्यांना म्हणालो, "आणखी दोन घाव घाला."

येरेव्हानला नातीने तेथील बाजारातील सोललेला गहू आणून ही खीर केली. गूळ मिळाला नाही म्हणून साखर व थोडा मध घातला, आणि बाईंच्या आग्रहास्तव चार जर्दाळूही. मध्येच तिचा फोन आला, "आजोबा, झाला की नाही हे कसे ओळखू?" मी सांगू लागलो, आणि शब्द अपुरे पडू लागले. शेवटी म्हटले, "बाईंना विचार. त्यांच्या बोटांना ठाऊक असेल." आणि खरोखरच, त्या बाईंनी दाणा उचलून अंगठा व तर्जनी यांमध्येच चिरडून पाहिला.

श्रोतेहो, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी असा एखादा पदार्थ असेल, की जो एकाच माणसाच्या हाताला येतो. बहुधा ते माणूस वृद्ध असेल, आणि बहुधा ती स्त्री असेल. तिची कृती आपण लिहून घेऊ, असे आपण पुष्कळ दिवस म्हणत असाल. लिहून जरूर घ्यावी. परंतु तेवढ्यावर थांबू नये. वहीत प्रमाण उतरते. ओलेपण, आच आणि हाताचे वजन उतरत नाही. त्यासाठी एक सकाळ तिच्याशेजारी उभे राहिले पाहिजे, आणि विशेषतः आपण पुरुषांनी, कारण ओट्यावर बसून वह्या तपासण्याची सवय आपलीच. ह्या कामास मुहूर्त पाहू नये. ती हाक मारील, तेव्हा उठावे.